बुधवारची आवक

शिक्केबाईंना घरात शिक्केबाई म्हणणारं कुणी नव्हतं, कारण घरात मुळात कुणी नव्हतंच. हे नाव कचेरीतलं. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर त्यांनी चौतीस वर्षं काढली. बाहेरून आलेला प्रत्येक कागद आधी त्यांच्या हाताखालून जायचा. डाव्या तळव्यानं कागद सारखा करायचा, उजव्या हातानं वरच्या कोपऱ्यात शिक्का मारायचा, त्यात 'आवक' आणि खाली तारीख, मग पेनानं क्रमांक आणि शेवटी वहीत नोंद. शिक्का बसत नाही तोवर कागद आलाच नाही असं समजायचं. एकदा साहेबांच्या बदलीचा हुकूम आला. साहेब स्वतःच तो हातात घेऊन टेबलापुढे उभे राहिले आणि म्हणाले, "निघतो मी, बाई." शिक्केबाईंनी कागद हातातून घेतला. "थांबा साहेब, अजून तुमची बदली झालेली नाही." शिक्का मारला, फुंकर घालून शाई वाळवली आणि कागद परत दिला. "हं, आता झाली."

दुसऱ्या एका साहेबांनी उशिरा आलेल्या अर्जावर आदल्या दिवसाची तारीख मारायला सांगितली होती. आधी गोडीनं सांगितलं, मग दटावून. बाई जागच्या हलल्या नाहीत. "तारीख ही देवाची असते साहेब. माझ्या हातात नुसता शिक्का." त्यानंतर कुणी विचारलं नाही.

निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी तो जुना, तारखेच्या चकत्या फिरवायचा शिक्काच त्यांना भेट म्हणून दिला. बाकीच्यांना ती गंमत वाटली. बाईंनी मात्र तो घरी नेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून कामाला लावला. तळमजल्यावरची रस्त्याकडची खोली त्यांनी कचेरीसारखी मांडली. एक टेबल, एक खुर्ची, लोखंडी कपाट आणि फायलींचे तीन लाकडी घोडे. पाण्याचं बिल आलं, मारला शिक्का. दुकानाची जाहिरात आली, तिला शिक्का. औषधाची चिठ्ठी, लग्नाचं आमंत्रण, "तुमच्या घरातील डासांपासून मुक्ती" असं लिहिलेला गुलाबी कागद, सगळ्यांना सारखा मान. नवरा दारातून डोकावून म्हणायचा, "शाखा कार्यालयात चहा मिळेल का?" तो हसायचा, त्याही हसायच्या, आणि त्याच्या दवाखान्याच्या पावतीवर शिक्का मारायच्या.

जावक मात्र काही होत नव्हती. घरातून बाहेर गेली ती माणसंच. आधी मुलगा, नोकरीसाठी, दोन दिवसांच्या प्रवासाइतका लांब. मग सहा वर्षांपूर्वी नवरा. तेव्हा आलेली सांत्वनाची पत्रं चार बोटं जाडीची भरली. शिक्केबाईंनी त्यांवरही तारखा मारल्या. काय करायचं ते सुचत नव्हतं, आणि हाताला तेवढंच सुचत होतं.

अकरा वर्षांत कागदांनी खोली गिळली. कपाट भरलं, घोडे भरले, खुर्ची भरली, मग जमीन. टेबलापर्यंत जायला एक पायवाट उरली होती, आणि तीही अशी की वळायचं झालं तर आधी ठरवून वळावं लागे.

हे सगळं तसंच चाललं असतं. पण गुडघे कुरकुरायला लागले. झोपायची खोली वर, जिना उभा. डॉक्टर म्हणाले, पलंग खाली आणा. मुलगा रविवारच्या फोनवर म्हणाला, "आई, ती खालची खोली रिकामी कर ना. मी हमाल पाठवतो, पलंग खाली घेतील."

"तू येशील का?"

"जमलं तर नक्की. पण हमाल पाठवतोच."

"कागद आहेत रे खोलीत."

"कागदांसाठीसुद्धा माणूस मिळतो हल्ली," मुलगा म्हणाला. त्यानं खरंच शोधून काढलं, सहा मंगळवार ठरवले, आणि एका मंगळवारी दहाला घंटा वाजली.

दारात पंचेचाळीस-पन्नाशीची, आडव्या बांध्याची बाई उभी होती. काखेत घडी केलेली पोती, हातात दोरीचा गुंडा, चष्मा कपाळावर चढवलेला. तिनं खोलीच्या उंबऱ्यावरून एक नजर फिरवली आणि म्हणाली, "मावशी, इथे पाऊस पडला होता का कागदांचा?"

शिक्केबाईंना राग आला. नाव विचारायचंही राहिलं. मनातल्या मनात त्यांनी तिला 'कागदवाली' म्हटलं आणि पुढेही तेच राहिलं.

कागदवालीच्या कामाला शिस्त होती. कागद हातात एकदाच घ्यायचा, आणि घेतला की तिथल्या तिथे निकाल लावायचा. ठेवायचा, कुणाला द्यायचा, की घालवायचा. घालवायचे ते पोत्यात. पोती मागच्या दाराबाहेरच्या पडवीत, आणि शनिवारी रद्दीची गाडी येऊन ती घेऊन जाई.

"हे काय आहे मावशी?"

"वॉशिंग मशीनचं माहितीपत्रक."

"मशीन कुठंय?"

"गेलं ते. सात वर्षं झाली."

"मग हे कुणाचे कपडे धुतंय?" आणि पत्रक पोत्यात.

"अहो, पण कधी लागलं तर?"

"कागदाला 'लागशील का' असं विचारायचंच नाही. तो लबाड असतो, नेहमी 'लागेन' म्हणतो. 'मागच्या वर्षी लागलास का' असं विचारायचं. मग कसा गप्प बसतो बघा."

पहिल्या मंगळवारी शिक्केबाई दाराशी उभ्या राहून प्रत्येक कागदासाठी वकिली करत होत्या. दुसऱ्या मंगळवारी त्यांनी स्टूल आणलं. तिसऱ्या मंगळवारी सकाळी नऊलाच चहाचं आधण ठेवलं आणि दहा वाजेपर्यंत तीनदा गॅस बंद-चालू केला.

कारण कागदवाली काम करताना बोलायची. कागदातल्या ओळी मोठ्यानं वाचायची, त्यावर शेरे मारायची. "'डासांपासून मुक्ती.' मिळाली का हो मग मुक्ती?" ती आधी एका वाचनालयात होती. वाचनालय बंद पडलं, पुस्तकं कुठे कुठे गेली. वर्गवारीची सवय लागलेले हात रिकामे राहीनात, म्हणून हे सुरू केलं. पुलापलीकडे, सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत राहते.

"घरी कोण कोण असतं?" शिक्केबाईंनी विचारलं होतं.

"मी असते."

"आणि?"

"आणि परत मीच." ती हसली आणि चष्मा नाकावर ओढून पुढच्या गठ्ठ्याची दोरी सोडायला लागली.

नवरा गेल्यापासून त्या घरात कुणी सलग तीन तास बसलं नव्हतं. शेजारच्या बाई यायच्या त्या दारातूनच बोलून जायच्या. मुलाचा फोन बारा मिनिटांचा. इथे मात्र दहा ते एक घरात दुसरा आवाज असे, दुसरी कपबशी असे, आणि ती गेल्यावरही तास-दोन तास खोलीत कुणीतरी असल्यासारखं वाटे.

तिसऱ्या मंगळवारी निघताना कागदवाली पोत्याचं तोंड बांधत म्हणाली, "झपाट्यानं चाललंय मावशी. सहासुद्धा लागायचे नाहीत. आणखी दोन वेळा आले की तुमची सुटका."

शिक्केबाई "बरं झालं" म्हणाल्या. दार लावलं. मग किती तरी वेळ दाराच्या कडीवरचा हात तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी दुपारी तीनला, त्या केरसुणी आणायला पडवीत गेल्या. केरसुणी पोत्याला टेकून होती. पोत्याची गाठ सैल होती. बाईंनी इकडे तिकडे पाहिलं. पडवीत त्यांना बघायला कोण येणार होतं? तरी पाहिलं. मग हात घालून वीत-दीड वीत जाडीचा गठ्ठा काढला, पदराआड धरला आणि आत आणला. आपल्याच घरात, आपलेच कागद, आणि पाऊल मात्र चोराचं.

खोलीत येऊन त्या टेबलाशी बसल्या. कागद सारखे केले. गठ्ठ्यातले थोडे या ढिगात, थोडे त्या ढिगात असे मिसळून दिले, म्हणजे कळायला नको. मनाला सांगितलं, एकदाच. पण मन म्हणजे काय कचेरीतला साहेब आहे, सांगितलं की ऐकायला? पुढच्या बुधवारी दोन गठ्ठे आले. त्यापुढच्या बुधवारी पोतंच अर्धं झालं, आणि त्यांनी ते फुगून दिसावं म्हणून तळाशी जुनी चादर घातली.

सकाळी देवापुढे हात जोडताना मात्र बाईंची नजर वर जाईना. देवाला सगळं दिसतं हे त्यांना ठाऊक होतं. पण देव मुलाला फोन करून सांगणार नाही, एवढा भरवसा होता.

कागदवाली बुचकळ्यात पडत चालली होती. "काय कळत नाही बाई. मागच्या वेळी हा कोपरा मोकळा केलाच होता मी. की माझंच डोकं फिरलंय?"

"कागद आहेत ते," शिक्केबाई म्हणाल्या, "पसरतात." आणि चहा ओतताना थोडा बशीत सांडला.

सहाचे आठ मंगळवार झाले. रविवारी मुलानं विचारलं, "आई, अजून किती राहिलंय गं?"

"आहे थोडं."

"थोडं थोडं म्हणून दोन महिने झाले. ती बाई नीट काम करते ना? नुसतीच बसत तर नाही?"

"करते हो. खूप करते." एवढंच बोलून त्यांनी विषय हवेवर नेला.

नववा मंगळवार. कागदवाली आज बोलत नव्हती. चहा घेतला, तो थंड होऊ दिला. अकराच्या सुमाराला तिनं खिडकीजवळच्या ढिगातून एक लग्नाचं आमंत्रण उचललं आणि हात हवेतच थांबला. ते तिला आठवत होतं, वरचे दोन पोपट आठवत होते. आठ दिवसांपूर्वी तिनंच ते पोत्यात टाकलं होतं, आणि टाकताना म्हणाली होती, पोपट काय वाईट काढलेत, कावळे वाटतात. तिनं ते उजेडात धरलं. शिक्के तर इथे सगळ्याच कागदांवर होते, म्हणून शिक्क्यांकडे बघणं तिनं पहिल्याच दिवशी सोडून दिलं होतं. आज बघितलं. वरच्या कोपऱ्यात एक 'आवक', नऊ वर्षांपूर्वीची. तिच्या शेजारी दुसरी 'आवक', ताज्या जांभळ्या शाईची. गेल्या बुधवारची.

ती खाली बसली आणि ढीग चाळायला लागली. एक एक कागद काढून टेबलावर मांडत गेली. डासांची गुलाबी जाहिरात, दोन शिक्के. वॉशिंग मशीनचं माहितीपत्रक, तीन शिक्के.

शिक्केबाई स्टुलावर बसून बघत होत्या. त्यांना आत्ता, या क्षणी कळत होतं की आपल्या हातानं काय केलं आहे. गठ्ठा घेऊन टेबलाशी बसल्यावर डावा तळवा कागद सारखा करत होता आणि उजवा हात आपला नेम चुकवत नव्हता. बाहेरून आत आलेला कागद, त्याला शिक्का. मन चोरी करत होतं आणि हात इमानानं तिची तारीख लिहून ठेवत होता.

"मावशी," कागदवाली अगदी हळू म्हणाली, "हे आमंत्रण तुम्हाला गेल्या बुधवारी आलं?"

"उशिरा आलं," शिक्केबाई म्हणाल्या.

"किती उशिरा? नवऱ्यामुलाला टक्कल पडलं असेल आता."

बाईंना हसू आलं. समोरचा चेहरा मात्र हसत नव्हता. तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. सगळे कागद तारखेप्रमाणे लावले होते तिनं. सहा बुधवार, ओळीनं.

"सहा आठवडे तुम्ही मला येड्यात काढलंत. मी घरी जाऊन विचार करायची, म्हातारपण आलं का मला, विसरायला लागले का. आमच्या आईचं असंच सुरू झालं होतं. मी डॉक्टरांकडे जाऊन आले, मावशी. खरंच जाऊन आले."

"अहो..."

"आणि परवा तुमच्या मुलाचा फोन आला. विचारत होता, मी काम मुद्दाम लांबवतेय का म्हणून. चांगल्या शब्दांत विचारलं त्यानं. पण विचारलं. चोवीस वर्षं वाचनालयात होते, कुणी असं विचारलं नव्हतं."

"मी सांगते त्याला."

"काय सांगणार?"

शिक्केबाईंनी तोंड उघडलं. खरं उत्तर सोपं होतं, पाच शब्दांचं होतं. तुम्ही येत राहावं म्हणून केलं. पण चौतीस वर्षं त्यांच्याकडे जो आला तो कागद घेऊन आला. कागदाशिवाय कुणी कुणाकडे यावं असं म्हणायची जिभेला सवयच नव्हती. त्या स्टुलाची कड चाचपत राहिल्या.

कागदवालीनं दोरीचा गुंडा गुंडाळला. "तुम्हाला कागद ठेवायचे असतील तर ठेवा. घर तुमचं आहे. पण मग मला कशाला बोलवायचं?" दारापर्यंत गेली आणि तिथून वळून म्हणाली, "चहा थंड झाला. टाकून द्या." तिच्या पायऱ्या उतरण्याचा आवाज आला, फाटकाचा आला, मग नाही आला.

त्या दिवशी बाई जेवल्या नाहीत. उपासाचे दिवस त्यांनी आयुष्यात पुष्कळ केले होते, पण हा उपास कशातच धरता येण्यासारखा नव्हता. संध्याकाळ व्हायच्या आत त्यांनी मुलाला फोन लावला. मंगळवारी त्यांनी कधी फोन केला नव्हता. पहिल्याच घंटेला त्यानं उचलला.

"आई? काय झालं? पडलीस का?"

"पडले नाही. ऐक. त्या बाईंनी काम लांबवलेलं नाही."

"बरं."

"मी कागद परत आणत होते. पोत्यातून. दर बुधवारी."

"परत? का?"

फोनवर पलीकडून कुणाच्या तरी बोलण्याचा, भांड्यांचा आवाज येत होता. त्याचं भरलेलं घर. शिक्केबाईंनी डोळे मिटले. "काम संपलं की त्या येणार नाहीत, म्हणून. मला एकटीला करमत नाही रे."

बोलून झालं. इतकी वर्षं दाबून ठेवलेलं वाक्य, आणि ते इतकं छोटं निघालं की त्यांनाच लाज वाटली.

पलीकडची भांडी थांबली. "आई," मुलगा म्हणाला, "तू कधी बोलली नाहीस."

"तू कधी विचारलं नाहीस असं नाही म्हणत मी. मीच नाही बोलले. ते राहू दे. पण उद्या सकाळी तू त्या बाईंना फोन करायचा आणि माफी मागायची. कळलं? आधी ते."

"करतो. आणि आई, आता मी रोज फोन करत जाईन."

त्यानं केलाही. बुधवारी, गुरुवारी, शुक्रवारी, शनिवारी. शनिवारचा फोन तीन मिनिटांचा होता. रविवारचा नेहमीचा झाला. सोमवारी आला नाही. शिक्केबाईंनी त्याचा राग धरला नाही. लेकरू आहे, त्याचाही संसार आहे. पण त्या फोनजवळ बसून होत्या, हे मात्र खरं.

खोली त्यांनी स्वतःच आवरायला घेतली. स्टूल ढिगाजवळ ओढलं आणि एक एक कागद हातात घेतला. मागच्या वर्षी लागलास का? नाही. मग जा बाबा. शिक्का टेबलाच्या खणात होता. पहिल्या दिवशी उजवा हात दोन-तीनदा खणाकडे गेला, तेव्हा त्यांनी हातात पेन्सिल धरून ठेवली. सांत्वनाच्या पत्रांवर मात्र एक अख्खी दुपार गेली. ती त्यांनी पुन्हा वाचली. निम्मी माणसं आता नव्हती. दोन पत्रं ठेवली. एक नणंदेचं. दुसरं नवऱ्याच्या बालमित्राचं, त्यात एकच ओळ होती, "आता चहा कुणाकडे मागू." बाकीची पोत्यात घातली, आणि घालताना प्रत्येकाला कपाळाशी नेलं.

शनिवारी रद्दीची गाडी आली तेव्हा नऊ पोती होती. गाडीवाला म्हणाला, "आजी, घर विकलं की काय?"

"नाही रे. जागा केली."

सोमवारी हमाल आले आणि पलंग खाली आणून ठेवून गेले. खोलीत आता पलंग, टेबल, कपाट आणि चौकोनी उजेड. बाई बोलल्या की आवाज भिंतीला लागून परत येत होता. खोली इतकी मोठी होती हे त्या विसरूनच गेल्या होत्या. रात्री गुडघे दुखले नाहीत. बाकीचं दुखायचं ते दुखलं.

मंगळवार उजाडला. त्या सवयीनं नऊला स्वयंपाकघरात गेल्या, दोन कप काढले आणि एक परत फळीवर ठेवला. दहा वाजले. घंटा वाजायची नव्हती आणि वाजली नाही. साडेदहाला त्यांनी चपला घातल्या.

पूल ओलांडताना दोनदा थांबावं लागलं. वाटेत त्या मनाशी काम शोधत होत्या. काहीतरी विचारायला आले म्हणावं, एखादी फाईल राहिली म्हणावं. पुलाच्या उतारावर त्यांच्या लक्षात आलं की हातात पिशवीसुद्धा नाही. कोऱ्या हातानं त्या आजवर कुणाच्या दारात गेल्या नव्हत्या. परत फिरावं असं वाटलं. पण चढ पुन्हा चढण्यापेक्षा पुढे जाणं गुडघ्यांना सोपं होतं.

सायकलचं दुकान सापडलं. जिना अरुंद होता. त्या कठडा धरून तिसऱ्या पायरीवर होत्या तोच वरचं दार उघडलं आणि कागदवाली काखेत पोती घेऊन खाली यायला निघाली. तिनं थबकून पाहिलं.

"मावशी? तुम्ही? काय काम काढलंत?"

"काही नाही," शिक्केबाई म्हणाल्या. श्वास लागला होता, म्हणून त्या थोडं थांबल्या. "काम काही नाही."

कागदवाली दोन पायऱ्या वर उभी होती. चेहऱ्यावर अजून मागच्या मंगळवारची घडी होती. "मुलाचा फोन आला होता तुमच्या. माफी मागत होता बिचारा. त्याला काय करायचं होतं मध्ये घालून?"

"त्यानं तुमच्यावर शंका घेतली, त्याचं कारण मी होते. ते मीच निस्तरायला हवं होतं." बाईंनी कठडा घट्ट धरला. "आणि तुम्हाला डॉक्टरांकडे जावं लागलं, ते मला माहीत नव्हतं. ते फार वाईट झालं. खोली मी आवरली. सगळी. हे सांगायला आले असं म्हणणार होते, पण तेवढ्यासाठी आले नाही. तुम्हाला बघायला आले."

सायकलच्या दुकानात कुणीतरी चाक फिरवत होतं, त्याचा टरटर आवाज येत राहिला.

"मला आता निघायचंय," कागदवाली म्हणाली. "एका वकिलांचं घर आहे. तिथे कागद छताला लागलेत म्हणे. अकराची बस."

"मग चला ना. मी थांब्यापर्यंत येते."

"जिन्यावरून नीट. कठडा सोडू नका." तिनं पोती दुसऱ्या काखेत घेतली आणि मोकळा हात पुढे केला. दोघी एकामागे एक उतरल्या.

थांबा काही लांब नव्हता, पण शिक्केबाईंच्या चालीनं आठ मिनिटं लागली.

"मी कामाशिवाय कुणाकडे जात नाही," कागदवाली रस्त्याकडे बघत म्हणाली. "सवय नाही मला."

"मलाही कुठे होती? आजच पहिल्यांदा आले."

"मला अजून राग आहे हां मावशी."

"असणारच. असू दे."

"तीन तीन शिक्के!" ती एकदम म्हणाली. "लपवायचं तर धड लपवायचं तरी! असली चोर मी जन्मात पाहिली नाही." आणि तिच्या तोंडून हसण्यासारखं काहीतरी निसटलं, ते तिनं लगेच आवरलं.

वळणावर बस दिसली. तिनं पोती सावरली. "गुडघा कसा आहे?"

"बरा आहे. पलंग खाली आला."

"बुधवारी साडेचारनंतर मी माझ्या घरी असते," कागदवाली म्हणाली. बसचा नंबर वाचत असल्यासारखी ती समोरच बघत होती. "आपलं सांगून ठेवते."

तेवढ्यात बस आली. दार उघडलं, कागदवाली पोत्यांसकट आत घुसली, एका उभ्या माणसाला पोतं लागलं, त्याची ती माफी मागत राहिली, आणि खिडकीत यायच्या आत बस हललीसुद्धा. बाईंनी हात वर केला तो कुणाला दिसला की नाही, कळलं नाही.

त्या बाकावर टेकल्या. ऊन चांगलं होतं. परत पूल चढायचा होता, आणि पलीकडे ती मोठी, रिकामी, स्वच्छ खोली होती. तिची त्यांना जरा भीतीच वाटत होती. बाकावर एक अनोळखी बाई येऊन बसली. थोड्या वेळानं दुसरी बस आली आणि गेली. शिक्केबाई उठल्या नाहीत.

"तुमची ही नव्हती का?" त्या बाईनं विचारलं. "कुठल्या बसची वाट बघताय?"

"कुठल्याच नाही," शिक्केबाई म्हणाल्या. "मी एकीला सोडायला आले होते."